कल्याणच्या खाडीतून निघालेले आरमार

शिवचरित्रात कल्याणचे नाव निघाले की बहुतेकांना एकच प्रसंग आठवतो, सुभेदाराच्या सुनेचा. शाळेच्या पुस्तकांनी, कीर्तनकारांनी, चित्रांनी आणि नाटकांनी तो घरोघर पोचवला. समकालीन कागदपत्रांत त्याला आधार मिळत नाही, असे इतिहासाचे अभ्यासक कितीतरी वर्षे सांगत आले. तरी तो लोकांच्या मनातून गेलेला नाही. स्त्रीचा सन्मान करणारा राजा हे चित्रच इतके हवेसे आहे की पुराव्याची मागणी करणारा माणूस अरसिक ठरतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की, या प्रसंगाच्या झळाळीत कल्याणला खरोखर घडलेली आणि कागदोपत्री सापडणारी एक मोठी गोष्ट झाकून गेली.

१६५७ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुमारास, कल्याण आणि भिवंडी ही आदिलशाहीतली दोन्ही ठाणी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. महाराजांचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत कल्याण-भिवंडीच्या खाडीकाठी लढाऊ नावा बांधण्याचे काम सुरू झालेले दिसते. ज्याचे बालपण शिवनेरी, पुणे आणि मावळच्या खोऱ्यांत गेले, ज्याची सारी फौज घोडेस्वारांची आणि मावळ्या हशमांची, त्या राजाने दर्यावर उतरण्याची तयारी केली ती किनाऱ्यापासून पुष्कळ आत असलेल्या एका खाडीत. मराठी आरमाराचा प्रारंभ तो हा. भिवंडीच्या रस्त्यावर खाडीकाठच्या टेकाडावर आज जो दुर्गाडी किल्ला दिसतो, तो याच काळातला. किल्ल्याच्या पायासाठी खणताना द्रव्य सापडले, ही दुर्गादेवीची कृपा मानून गडाला तिचे नाव दिले, अशी परंपरा सांगते. नवरात्रात येथे मोठी जत्रा भरते. जत्रेला येणाऱ्यांपैकी किती जण पायथ्याच्या पाण्याकडे आरमाराची जन्मभूमी म्हणून पाहत असतील?

खाडीची दोन तोंडे

हे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे नीट पाहिल्याशिवाय महाराजांच्या धाडसाची कल्पना यायची नाही. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते आणि तेथे तिला भरतीचे पाणी भेटते. पुढे ही खाडी डोंबिवलीच्या मोठागावावरून जाऊन मुंब्र्याच्या पारसिक डोंगराला वळसा घालते. ठाण्यापाशी वाट फुटते. एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीतून मुंबईच्या बंदरात उतरतो. मुख्य प्रवाह उत्तरेला वळून घोडबंदरावरून वसईला समुद्र गाठतो. कल्याणच्या गलबताला समुद्रावर जायचे तर या दोनच वाटा.

कल्याण हे काही लहानसहान बंदर नव्हते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख आहे आणि तो मोठा सूचक आहे. हे बंदर पूर्वी खुले होते, पण पुढे सत्तेच्या भांडणात तेथे येणारी ग्रीक जहाजे पहारा बसवून भडोचला नेली जात, असे त्यात नमूद आहे. म्हणजे खाडीचे तोंड ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर कल्याण जगणार, हे कल्याणच्या नशिबी तेव्हापासूनचे!

१६५७ साली ही तोंडे कोणाच्या हाती होती? ठाणे, साष्टी, घोडबंदर, वसई हा सगळा मुलूख पोर्तुगीजांचा. मुंबईसुद्धा त्यांचीच, ती इंग्रजांच्या ताब्यात गेली १६६५ मध्ये. महाराजांना बंदर मिळाले होते, पण त्याचा दरवाजा परक्याच्या घरात उघडत होता. अशा ठिकाणी आरमार बांधायला घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणातून रोज ये-जा करण्याचा हक्क मागण्यासारखे होते. तरीही कल्याण-भिवंडी सोयीची होती. मागच्या डोंगरांत सागवान होते, खाडी निवाऱ्याची होती, नावा बांधणारे हात या भागात पिढ्यान्‌पिढ्या होते.

पण मुळात आरमार हवेच कशाला? याचे उत्तर त्या काळच्या कोकण किनाऱ्याच्या स्थितीत आहे. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याखेरीज या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला आपल्याच समुद्रात जहाज हाकारता येत नसे. परवाना नसलेले जहाज पकडले जाई, माल जप्त होई. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच याहून वेगळा. त्याच्या नावा खाड्यांत शिरत, गावे लुटत, माणसे धरून नेत. किनाऱ्यावर ठाणे बसवले, महसूल लावला, तरी रात्री समुद्रावरून येणाऱ्या माणसापासून रयतेला वाचवता येत नसेल तर ते राज्य भरतीच्या रेषेपाशीच संपते. जावळी १६५६ मध्ये हाती आल्यावर महाराजांचा कोकणाशी थेट संबंध आला, आणि ही गोष्ट त्यांच्या लगेच ध्यानात आली. दिल्ली आणि विजापूरच्या पातशहांनी समुद्राचे काम इतरांवर सोपवले होते. महाराजांनी ते स्वतःकडे घेतले. त्यांचे वेगळेपण येथे आहे.

उसनी विद्या

महाराजांना जहाजबांधणीतले काही येत नव्हते. त्यांच्या सरदारांनाही नव्हते. तेव्हा ज्यांना येत होते, त्यांनाच त्यांनी कामाला लावले. पोर्तुगीज कागदपत्रांवरून कळते, की १६५९ साली रुय लैतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगिजाच्या देखरेखीखाली कल्याणच्या बाजूला वीस लढाऊ नावा तयार होत होत्या. त्याच्या हाताखाली सुमारे ३४० माणसे होती. या नावा सिद्दीविरुद्ध आहेत, असे सांगण्यात आले होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना मात्र त्यात आपल्यावरचे संकट दिसले. आज सिद्दीवर जाणारी नाव उद्या वसईवर येणार नाही कशावरून? त्यांनी व्हिएगसला आतून वळवले, आणि तो आपली माणसे घेऊन गुपचूप पोर्तुगीज हद्दीत निघून गेला. नावा अर्ध्यावर राहिल्या.

हे वर्ष कोणते होते ते लक्षात घ्यावे. याच १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला. त्या पराक्रमाच्या पोवाड्यांत कल्याणच्या खाडीतली ही फजिती कोण सांगणार? पण माणसाचे मोठेपण जिंकलेल्या दिवसांइतकेच हुकलेल्या दिवसांवरूनही जोखावे लागते. पैसे देऊन आणलेली विद्या एका रात्रीत उठून जाते, हे या प्रसंगात उघड झाले. पुढच्या वीस वर्षांकडे पाहिले की दिसते ते असे, की आरमाराची सूत्रे किनाऱ्यावरच्या आणि दर्याला सरावलेल्या माणसांच्या हाती राहिली. मायनाक भंडारी, दौलतखान, दर्यासारंग ही त्यांतली ठळक नावे. कोळी, भंडारी, मुसलमान खलाशी असे सगळे त्यात होते. ज्याला पाणी कळते तो आपला, हाच येथे निकष होता.

दुसरा धक्का लवकरच बसला. शाएस्तेखान पुण्यात तळ देऊन बसलेला असताना, १६६१ च्या मे महिन्यात, मोगलांनी कल्याण जिंकून घेतले. म्हणजे ज्या खाडीत आरमार जन्मले ती खाडीच गेली. दुसरा कोणी असता तर समुद्राचा नाद त्याने सोडला असता. महाराज दक्षिणेकडे वळले. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. ही जागा कल्याणच्या अगदी उलट होती. येथे मध्ये कोणाचे दार नव्हते. समोर उघडा समुद्र आणि भोवती खडकांचे असे जाळे, की अनोळखी जहाजाला जवळ येण्याची सोय नाही.

लगेच पुढच्या फेब्रुवारीत, १६६५ मध्ये, महाराज स्वतः जहाजावर चढले. ८५ लहान लढाऊ नावा आणि तीन मोठी जहाजे, अशी संख्या कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी नोंदवली आहे. या ताफ्यानिशी कर्नाटक किनाऱ्यावरचे बसरूर हे संपन्न बंदर गाठून ते लुटले, आणि परतताना गोकर्णाचे तीर्थस्नान केले. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या त्या काळात राजाने स्वतः गलबतात पाय ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये पुरंदरचा तह करावा लागला, २३ किल्ले द्यावे लागले. पुढे आग्रा झाले. आरमार टिकले, कारण किनारा बव्हंशी हातात राहिला होता.

लहान नावांचे शहाणपण

हे आरमार होते तरी केवढे? सभासदाच्या बखरीत दोनशे-दोनशे नावांचे दोन सुभे सांगितले आहेत. परदेशी लोकांच्या नोंदींतले आकडे त्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत. बखर अभिमानाने लिहिलेली, वखारवाल्यांची पत्रे कधी भीतीने तर कधी तुच्छतेने. खरे दोहोंच्या मध्ये कुठेतरी धरावे. आकड्यापेक्षा नावांची जात महत्त्वाची. गुराब ही दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी नाव. गलबत त्याहून लहान, शिडावर चालणारे आणि वारा पडला तर वल्ह्यांवर पळणारे. शिवाय तरांडी, शिबाडे, मचवे. इंग्रजांच्या किंवा पोर्तुगिजांच्या मोठ्या जहाजाशी खोल समुद्रात समोरासमोर गाठ पडली तर यांचा टिकाव लागणे कठीण. पण मोठ्या जहाजाला पाणी खोल लागते आणि वारा लागतो. ओहोटीच्या वेळी उथळ खाडीत शिरून बसलेल्या गलबताला ते काय करणार? कोकणच्या खाड्या म्हणजे या आरमाराचे गडकोटच होते. सह्याद्रीच्या घाटांत मावळ्यांनी जे केले, तेच येथे वल्ह्यांनी करायचे होते.

नावा बांधून भागत नाही, त्या पोसाव्या लागतात. पद्मदुर्गावरच्या आरमाराला रसद आणि पैसा पोचवण्यात प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने दिरंगाई केली, तेव्हा महाराजांनी त्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. जंजिऱ्याच्या उरावर दुसरी राजपुरी उभी करण्याचा डाव आणि आपला अधिकारी धान्य अडवून बसतो, म्हणजे तो शत्रूलाच मिळाला काय, असा त्याचा रोख होता. जात पाहून कोणाला क्षमा होणार नाही, हेही त्यात स्पष्ट केले होते.

आणि हे सगळे कशासाठी, ते पाहायचे तर मिठाकडे पाहावे. १६७१ साली महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिले, की बारदेशाचे पोर्तुगीज मुलखातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे जातात. तेव्हा त्यावर जकात अशी बसवावी, की आपल्या मुलखातले मीठ विकले जाईल. समुद्राकडे पाहणाऱ्या राजाला आगरात राबणारा माणूसही दिसत होता. महाराजांच्या हाताखाली तयार झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे, १७१५-१६ च्या सुमारास, आज्ञापत्रात आरमाराचे शास्त्रच लिहून ठेवले. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे. त्याचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर लावू नये, नाहीतर व्यापाऱ्यांना उपद्रव होऊन बंदरे बुडतील. परवाना घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्रास देऊ नये. जहाजासाठी लाकूड लागते म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. ज्या आरमारामुळे किनाऱ्यावरचा माणूस उजाड होईल ते आरमार कशाला, असा त्यामागचा विचार. आजच्या भाषेत याला संरक्षणाचे धोरण म्हणतील.

बंद राहिलेला दरवाजा

महाराजांच्या आरमाराला मोठे अपयशही आले, आणि ते लपवण्याचे कारण नाही. जंजिरा अखेरपर्यंत हाती लागला नाही. महाराजांनी वारंवार प्रयत्न केले, समोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला, पण सिद्दी हटला नाही. मोगलांनी त्याला आपल्या आरमाराचा अधिकारी नेमले, सुरतेहून पैसा पुरवला. पावसाळ्यात त्याची जहाजे मुंबईच्या बंदरात निवारा घेत आणि तेथून निघून पेण-नागोठण्याच्या खाड्यांत जाळपोळ करीत. इंग्रज हात वर करून मोकळे होत.

यावर महाराजांनी शेवटचा मोठा डाव टाकला तो खांदेरीचा. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोर असलेल्या या ओसाड बेटावर १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे घेऊन उतरला आणि तटाचे दगड रचू लागला. मुंबईकर इंग्रजांना घाम फुटला. सप्टेंबरात त्यांनी हल्ला केला, त्यात त्यांचा अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाने चाळीस-पन्नास गलबतांनिशी इंग्रजी ताफ्यावर झडप घातली. डव्ह नावाची त्यांची गुराब शरण आली. रिव्हेंज या मोठ्या जहाजाने मात्र तोफांच्या जोरावर मराठी गलबते मागे रेटली आणि ती नागोठण्याच्या खाडीत शिरली. लढाई म्हणून इंग्रजांना तिचा अभिमान वाटला. पण रात्रीच्या अंधारात वल्ह्यांच्या नावा दाणागोटा आणि दारूगोळा घेऊन खांदेरीला पोचतच राहिल्या. मोठी जहाजे पहारा देत वाऱ्याची वाट पाहत उभी, आणि बाजूने गलबते निघून जात!

येथे कल्याण पुन्हा कथेत येते. १६७० मध्ये ते मराठ्यांनी परत घेतले होते. इंग्रजांना मुंबईतच शह द्यावा म्हणून महाराजांनी सुमारे चार हजारांची फौज कल्याण-भिवंडीला धाडली. बेत असा, की ठाण्यावरून उतरून मुंबई गाठायची. पण ठाणे पोर्तुगीजांचे, आणि वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने वाट द्यायला नकार दिला. वीस वर्षांपूर्वी याच खाडीत ज्यांनी व्हिएगसला पळवून नावा थांबवल्या, त्यांनीच आता फौज थांबवली. ती पनवेलकडे वळली. एवढ्या हालचालीनेही इंग्रजांचे धाबे दणाणले आणि १६८० च्या सुरुवातीला त्यांनी तडजोड करून खांदेरीवरचा हक्क सोडला. सिद्दीने मात्र शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. त्यानंतर लवकरच, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे देहावसान झाले. समुद्रावरचा हिशेब असा अर्धा जमेचा आणि अर्धा बाकीचा राहिला.

बाकी पुढच्यांनी फेडली. कान्होजी आंग्रे यांनी १७२९ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत हा किनारा असा राखला, की इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना नमवू शकले नाहीत. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा कल्याणच्या खाडीची दोन्ही दारे आतून उघडता येऊ लागली. आणि मग १७५६ साली, घरच्या भांडणात, पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन विजयदुर्ग काबीज केला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार तेथे जळाले. जवळजवळ शंभर वर्षे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्याची राख व्हायला परका पुरेसा नव्हता. आपलाही हात लागला. ठाणे १७७४ अखेर इंग्रजांनी घेतले आणि खाडीचे दार पुन्हा परक्याकडे गेले.

महाराजांना भारतीय आरमाराचे जनक म्हणण्याची प्रथा आहे. त्यांच्या आधी चोळांची जहाजे पूर्वेकडच्या समुद्रापार गेली होती, तेव्हा शब्दाचा फार अट्टाहास नको. पण समुद्राकडे पाहण्याची एक दृष्टी त्यांनी दिली, हे कोणालाही मान्य व्हावे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला विक्रांत ही विमानवाहू नौका दाखल झाली, तेव्हा नौदलाच्या नव्या निशाणावर महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. २०२३ चा नौदल दिन मालवणला साजरा झाला. त्या वेळी उभारलेला पुतळा पुढच्याच ऑगस्टमध्ये कोसळला, मग २०२५ मध्ये नवा उभा राहिला. पुतळा पडण्याची चर्चा महिनोन्‌महिने झाली. ती व्हायलाच हवी होती.

पण स्मारकाचा विचार करताना दुर्गाडीखालचे पाणीही विसरू नये. आज त्या खाडीत शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने येतात, वाळूसाठी तिचा तळ वर्षानुवर्षे उपसला गेला, आणि काठच्या कोळ्यांच्या जाळ्यात मासळी कमी होत गेली. ज्याचे आरमार आंब्या-फणसाच्या झाडाला आणि आगरातल्या मिठाला जपण्यासाठी होते, त्या राजाने या खाडीकडे पाहून पहिल्यांदा कोणाला जाब विचारला असता? बहुधा ज्याच्याकडे ती राखण्याचे काम होते, त्या सुभेदाराला. आणि त्याची कोणतीही सबब ऐकून घेतली नसती.